दोन बोटं वर चढवलेला फोर्क

तळहातांत अजून ती थरथर आहे. गाडी अंगणात उभी आहे, इंजिन केव्हाच निवालं आहे, तरी तो सूक्ष्म कंप मनगटातून कोपरापर्यंत चढत राहतो आणि मी उगाच मुठी आवळतो, सोडतो.

वालावलहून मालवणच्या शाळेत रोज मोटारसायकलने जाणारा मी मास्तर. वर्गात मुलांना स्वस्थ बसायला सांगतो. माझ्या स्वतःच्या पायाला मात्र भिंगरी. सरळ रस्त्याचा मला पहिल्यापासून कंटाळा. धामापूरच्या तळ्याजवळची वळणं आली की जीव सुखावे, पण गाडी जडशीळ, मनासारखी वळेल तर शपथ! म्हणून कुडाळच्या मेस्त्रीकडून पुढच्या फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे, दोन्ही पाईप त्यांच्या पकडीतून दोन बोटं वर सरकवून घेतले. गाडीचं नाक तेवढं खाली आलं. "वळताना हलकी जायत, पण सरळ रस्त्यार सांभाळा," मेस्त्री म्हणाला. मी सोयीचं तेवढं ऐकलं.

केवढं नाजूक गणित असतं ते! हँडलचा दांडा ज्या तिरक्या रेषेत उभा असतो, ती रेषा जमिनीपर्यंत नेली तर चाक टेकतं त्या जागेच्या जरा पुढे पडते. चाक तिच्या मागून येतं, दाव्याला बांधलेल्या वासरासारखं, आणि त्या मागून येण्यातच गाडीचं सरळपण असतं. नाक खाली गेलं की दांडा उभट होतो, दावं आखूड होतं. गाडी चटकन वळते खरी, पण सरळ चालायचं विसरते. माणसाचं तरी याहून वेगळं काय असतं?

पंधरा दिवस मी हवेत होतो. मग एका रविवारी शालन, माझी बायको, मागे बसली होती, नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून. मोकळा सरळ रस्ता दिसला, मी वेग वाढवला, आणि हँडल दोन्ही बाजूंना असं हिसके देऊ लागलं की आम्ही थेट कडेच्या गवतात. तिचं कोपर सोलवटलं. त्या दिवसापासून तिचा हात माझ्या खांद्यावरून उठला आणि सीटमागच्या कडीला गेला.

घरी मी म्हणालो, कसं झालं कोण जाणे. थोरल्या काकांनी देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "गाडयेक कोणाची वायट नजर लागली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा!" सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी नुसते ओठ हलवले. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने अर्ध्या तासात फोर्क पूर्ववत केला. आज शालनला घेऊन मालवणहून येताना त्याच सरळ रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. मागे न बघता मी म्हणालो, "फोर्क मियाच वर करून घेतललो."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "गाऱ्हाण्यात तुमचो व्हय म्हाराजा माका आयकाक येवक नाय."

हँडल तर आता स्थिर आहे; मग तळहातांतली ही थरथर कुणाची? खांद्यावर घरापर्यंत नुसता वारा होता.