पाठीला विचारून

आमच्या घराच्या मागच्या, भाड्याने द्यायच्या भागात मी लाकडी फरशी घातली. झाशीत. चांगल्या दगडी फरशीवर. आणि घालून झाल्यावर बायकोला सांगितलं.

पुण्याला मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये पाहून आलो होतो. एकात एक अडकणाऱ्या फळ्या, खाली फोम, वर चकाकी. आल्या आल्या मला आमच्या जुन्या दगडांची लाज वाटायला लागली. भाडेकरू रांग लावतील, असं दुकानदार म्हणाला, आणि पाण्याचं तर भयच नाही. फळ्या बाहेरच्या खोलीतच संपल्या, म्हणून आतली खोली दगडाची राहिली. दार लावलं की ती दिसत नसे.

घर पाहायला पहिल्या आल्या त्या सिस्टरजी. इस्पितळात नर्स, माहेर जवळच्याच गुरसराय गावच्या मराठी घरातलं, बांधा चांगला भक्कम. नाव होतंच, पण मोहल्ला सिस्टरजीच म्हणायचा. तुम्ही-आम्ही घर पाहताना नळ सोडून बघतो, खिडकी उघडून बघतो. यांनी चपला दाराशी काढल्या, पर्स उशाला घेतली आणि सरळ जमिनीवर आडव्या झाल्या. मला वाटलं, चक्कर आली. मी पाणी आणायला धावलो.

"कुछ नहीं भैया," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "जरा पाठीला विचारते."

पाठ बाहेरच्या खोलीला नाही म्हणाली आणि आतल्या खोलीला हो. मग पदर झटकून त्यांनी बजावलं, की उन्हाळ्यात त्या जमिनीवर पाणी मारतात. याच पायी आधीची घरं सुटली होती. मागून भांडायचं नाही. मी दुकानदाराच्याच ऐटीत म्हणालो, "बालदी बालदी मारा."

त्यांनी दोन्ही खोल्यांत मारलं. मे महिना अर्धा जायच्या आत फळ्या पापडासारख्या फुगल्या आणि पाय पडला की कुरकुरायला लागल्या. मी तावातावाने गेलो आणि महिनाअखेर घर रिकामं करा म्हणालो. बालदीचं वाक्य मला अजिबात आठवत नव्हतं.

त्यांना आठवत होतं, पण त्या भांडल्या नाहीत. पायरीवर बसल्या. "रात्रभर वॉर्डात पायांवर असते, भैया. दिवसा निजायला गार जमीन, एवढंच मागते. या वयात पुन्हा दारोदार जाऊन कुठे कुठे आडवी होऊ?"

मी नुसतंच फुगलेल्या फळ्यांकडे बोट दाखवलं. तेव्हा त्याच म्हणाल्या, "असं करू. उद्या दुपारी तुम्ही तुमच्या फळ्यांवर झोपा, मी दगडावर. पंखा बंद. आधी उठेल तो हरला. मी हरले तर बोरियाबिस्तरा उचलते. तुम्ही हरलात तर फळ्या उचला."

मी लगेच कबूल झालो. रात्रभर जागलेली बाई काय टिकणार, हा माझा हिशेब. लोळायच्या शर्यतीत, भर दुपारी, रात्रपाळीच्या बाईशी मी उतरलो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पंच माझी बायको. दोन्ही खोल्यांमधल्या दारात पाट टाकून बसली, हातपंख्याने फक्त स्वतःला वारा घेत. खिडकीत मोहल्ल्यातल्या बायका. बाहेर लूच्या झळा. खालचा फोम तापलेला, फळ्यांचे सांधे पाठीत शिरलेले, घाम कानात उतरतोय. कूस बदलली की सगळी खोली कुरकुरायची आणि खिडकीत हसू फुटायचं. तरी मी दात आवळून पडून राहिलो. तेवढ्यात आतून आवाज आला. संथ, भरघोस घोरण्याचा.

मी उठलो. फळ्यांवर माझी ओली आकृती तेवढी पडून राहिली.

"उठले," बायकोने खिडकीला कळवलं. टाळ्या पडणार होत्या, पण तिने बोट ओठांवर ठेवलं. जिंकलेल्या बाईला कुणी उठवलं नाही.

त्यांना विजय चहाच्या वेळी कळला. "अच्छा?" जांभई देत म्हणाल्या, "मग निघू द्या फळ्या." दुसऱ्याच दिवशी निघाल्या. बायकांनी सोडा टाकून, काथ्याने घासून दगड वर आणला. संध्याकाळी सिस्टरजींनी त्यावर पहिली बालदी ओतली. जमिनीतून वाफ आणि ओल्या दगडाचा वास एकदमच आला. मग अख्खा मोहल्ला भिंतीला टेकून, गार दगडावर पाय पसरून खरबूज खात बसला. कापायचं काम माझ्याकडे होतं.

तेव्हापासून त्यांचा कायदा चालू झाला. "भिंत मालकाची, फरशी भाडेकरूची." रोज साधं पाणी, ओल्यामागून कोरडं फडकं. तेल सांडलं की लगेच गरम पाणी आणि सोडा. खुर्च्यांच्या पायांना त्यांनी मोडक्या कुबड्यांची रबरं बसवली. मी ॲसिडची बाटली आणली, तर ती माझ्यासकट बाहेर काढली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गुरसरायला स्वतःचं घर बांधलं. सामान गेल्यावर रिकाम्या खोलीत त्या एकदा आडव्या झाल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी सवयीने पाण्याचा पेला घेऊन दारात उभा.

"काय म्हणते पाठ?"

"जाऊ नको म्हणते," त्या म्हणाल्या, आणि उठताना पहिल्यांदाच त्यांनी माझा हात धरला.

आता कुणी घर पाहायला आलं की मीच चपला काढून आडवा होतो. परवा एक नवं जोडपं आलं होतं. डोळे मिटून, पाठ दगडाला लावून मी त्यांना सांगत होतो, की फरशी निवडायला नजर लागते.

दारातून बायको म्हणाली, "यांनी निवडली नाही. यांनी झाकली होती."