कपाटातलं स्पिरिट

बायकोला मी हे सांगितलं नाही. ती गेली ती हे न ऐकताच. पोरांना सांगायचा प्रश्नच नव्हता, ती मला देवमाणूस समजतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीचं माणूस समोर असलं की माझं तोंड आजही उघडत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात बोलणार आहे. राग कुणाचा? ऐका, कळेल.

नांदूरघाटच्या अलीकडचं गाव. नाव घेत नाही. निजामाचा अंमल होता. शाळा चौथीपर्यंतची आणि मास्तर दोनच — रंगनाथ मास्तर मुख्य, मी दुय्यम. ते छत्तिशीचे, अंगानं काटकुळे, गळ्यात तुळशीची माळ, आणि जिभेला धार. लबाडी त्यांना खपत नसे. दुसऱ्याची तर नाहीच. मला माणूस आवडायचा. हे मी आता मुद्दाम म्हणतोय का? नाही, खरंच आवडायचा. म्हणूनच तर —

थांबा. आधी बाटलीचं सांगतो.

एकदा मी सकाळी लवकर शाळेत गेलो, तर आतल्या कोठीत स्पिरिटचा दिवा जळत होता. त्यावर छोट्या भांड्यात सुई उकळत होती, आणि मास्तर धोतर वर करून मांडीला सुई टोचून घेत होते. मला बघून दचकले. मग दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांना मधुमेह होता. वर्षापूर्वी वजन झरझर उतरलं, घागरभर पाणी पिऊनही तहान जाईना, तेव्हा बीडच्या डॉक्टरनं सांगितलं — इन्शुलिन घ्या, न्हाईतर महिन्याभराचे सोबती आहात. आणि ते इन्शुलिन गुराच्या पोटातल्या कसल्याशा ग्रंथीतून काढतात, हेही डॉक्टरनंच सांगितलं.

"माळकरी माणूस मी," मास्तर म्हणाले. "गावात कळलं तर पाणी पाजणार न्हाईत कुणी. घरात सुदिक सांगितलं न्हाई. पण जगायचंय हो. देवाला सांगून घेतो मी रोज."

मी शपथ घेतली. गळ्याला हात लावून.

पहिलं वर्ष-दीड वर्ष त्यांची बाटली पाण्यासारखी स्वच्छ होती. ती सुई दिवसातून दोनदा, जेवणाआधी. कधी जास्त झाली की मास्तरांना आपलं आपल्यालाच समजायचं — हात थरथरायचे, कपाळाला दरदरून घाम यायचा. ते खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकायचे, घटकाभर बसायचे, की ठीक. मग डॉक्टरनं नवी बाटली दिली. दुधासारखी पांढरी. तळाशी साका बसायचा, म्हणून आधी दोन्ही तळहातांत धरून हळू घोळवायची. ती दिवसातून एकदाच, सकाळी. मास्तर खूश होते, संध्याकाळची लपवाछपवी वाचली म्हणून. पण तिची एक खोड होती. ती सावकाश, दिवसभर काम करायची, आणि साखर उतरायची तीही चोरपावलानं. घाम न्हाई, थरथर न्हाई. आधी डोकंच फिरायचं. माणूस भलतंच बोलायला लागायचा, आणि त्याला स्वतःला पत्ता नसायचा.

"आता मला कळत न्हाई, मास्तर," ते मला म्हणाले होते. "तुमी बघा. मी वेड्यागत बोलाय लागलो की काही इचारू नका. गूळ कोंबा तोंडात."

दोनदा मी कोंबलाही होता. तेव्हापासून माझ्याही खिशात गुळाचा खडा असायचा.

आता भांडणाचं. पटावरची हजेरी कमी पडली तर वरून खुलासे मागत, म्हणून मी न आलेली पोरं आलेली मांडत होतो. मास्तरांनी ते पकडलं. भरल्या वर्गात, साठ पोरांसमोर त्यांनी पट माझ्यापुढं आपटला. "लबाडी शिकवायला आलाव का तुमी?" असं म्हणाले. पोरं हसली. साहेब तपासणीला येतील तेव्हा हे त्यांच्या कानावर घालणार, असंही म्हणाले. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. आतून मी नुसता जळत होतो. मी चुकलो होतो का? चुकलोच होतो. पण चुकलेल्या माणसाला जेवढा राग येतो, तेवढा बरोबर असलेल्याला कधी येत नाही.

साहेब आले. शाळा तपासणारे मोहतमीम, हैदराबादकडचे, शेरवानीतले. यायचे होते दुपारी, आले सकाळी दहालाच. मास्तर दिवसभर त्यांच्यापुढं हात बांधून उभे. डबा कोपऱ्यात तसाच राहिला. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. मी तो डबा बघत होतो. मी म्हणू शकलो असतो — साहेब, मास्तरांना चार घास खाऊ द्या. इतकंच. नाही म्हणालो.

तीनच्या सुमारास मास्तर फळ्यावर गणित लिहायला गेले आणि एकच ओळ तीनदा लिहिली. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. मग साहेबांनी काहीतरी विचारलं, तर मास्तर वळले, डोळे भलतीकडंच, आणि म्हणाले, "कशाला इचारतो रे? तू कोन हाय रे?"

वर्ग खदखदून हसला. साहेब लाल. गावचे पाटील दारात उभे होते, त्यांच्या तोंडावर घबाड मिळाल्यासारखा आनंद. मास्तर झोकांड्या खात खुर्चीला धरायला गेले आणि खुर्चीसकट पडले.

"ये दारू पीको आया है क्या?" साहेबांनी मला विचारलं.

माझ्या खिशात गूळ होता.

मी मान खाली घातली. तोंडानं काही बोललो नाही — तेवढा मी शहाणा होतो. नुसती मान खाली घातली, जशी घरातली अब्रू झाकणारा माणूस घालतो. साहेबांना उत्तर मिळालं. त्यांनी कोठीतलं कपाट उघडायला लावलं. त्यात स्पिरिटची बाटली निघाली, अर्धी रिकामी. पाटील म्हणाले, "बघा! माळ घालून हे धंदे!" ते स्पिरिट कशासाठी होतं हे त्या छपराखाली एकाच माणसाला ठाऊक होतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पांढरी बाटली तिथंच मागं होती. साहेबांचा हात तिच्यापर्यंत गेला नाही. मी दाखवली नाही.

मला वाटत होतं, थोडं होऊ द्या. थोडा वेळ. जी पोरं मला हसली, त्यांनी यांनाही हसावं. मग देऊ गूळ. असा हिशोब मी दुसऱ्याच्या जिवावर करत होतो! साहेब टेबलाशी बसून अहवाल लिहीत होते, मास्तरांना उचलून बाहेर ओट्यावर टाकलं होतं, तिथं ते काहीबाही बरळत होते, येणारं-जाणारं त्यांना बघत होतं, आणि मी साहेबांना शाई आणून देत होतो. शाई! तासभर असं चाललं. अहवालावर सही झाली आणि मग बाहेर कुणीतरी ओरडलं. मास्तरांना झटके आले होते. तोंडाला फेस.

तेव्हा मी धावलो. गूळ पाण्यात कालवला, हिरड्यांना चोळला, थेंब थेंब घशात सोडला. दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले. लोक म्हणाले, मास्तर, तुमी होता म्हणून वाचला बेवडा.

रंगनाथ मास्तरांना दुपारनंतरचं काही आठवत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. "तुमी वेळेवर आलाव," म्हणाले. मी हात सोडवून घेतला नाही.

आठ दिवसांत ते बडतर्फ झाले. त्यांची जागा मला मिळाली. त्यांचं बोलणं आता अडखळायचं, एखादा शब्द हाताशी येऊन निसटायचा. बायकोच्या, काशीवहिनींच्या, माहेरी, नेकनूरला, ती दोघं निघून गेली. तिथून त्यांनी वर अर्ज केला. माळेची लाज सोडून सगळं लिहिलं — औषध काय, ते कशाचं, साखर उतरली की काय होतं, आणि स्पिरिट सुईसाठी होतं याला माझे सहकारी साक्षी आहेत. तो कागद खुलाशासाठी माझ्याकडे आला. मी खाली लिहिलं, या औषधाबद्दल मला काही माहिती नाही. सही केली. माझं अक्षर फार सुंदर होतं, सगळे म्हणायचे.

पंधरा दिवसांनी काशीवहिनी आल्या. एकट्या, बैलगाडीनं, उन्हाच्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भावजी, ते म्हणत्यात औषधानं झालं. लोक म्हणत्यात पिऊन पडले. त्यांला सोताला आठवत न्हाई. आता रातंदिस एकच इचारत्यात मला — काशे, मी प्यालो असंन का गं? तुमी तितं होता. तुमी सांगा. तुमी सांगाल ते मी खरं मानीन."

एवढं सोपं करून दिलं होतं त्या बाईनं. मी म्हणालो, "वहिनी, मी आत वर्गावर होतो. उशिरा आलो. मला ठाऊक न्हाई."

त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला. मग म्हणाल्या, "लई बरं झालं, कळलं." आणि उठल्या.

काय कळलं होतं त्यांना? मी खोटा आहे हे, की नवरा खोटा आहे हे? दीड वर्षानं मास्तर गेले. शेवटी सुई थांबवली होती, असं एका नेकनूरच्या माणसाकडून ऐकलं. का थांबवली, हे विचारायला मी गेलो नाही. दिवसाच्या रस्त्यावर तर होतं नेकनूर.

मी निवृत्त झालो तेव्हा गावानं सत्कार केला. हार, नारळ, फेटा. एकजण उठून म्हणाला, या मास्तरांनी एका दारुड्याचासुद्धा जीव वाचवला होता. टाळ्या पडल्या. मला वाटलं, फेटा भिरकावून द्यावा, टाळ्या वाजवणाऱ्या एकेकाची गचांडी धरावी — तुम्ही एकानं तरी कधी त्या माणसाच्या तोंडाचा वास घेतला होता का रे? एकानं तरी? पण त्यांचा राग मी कोणत्या तोंडानं करणार? त्यांना माहीत नव्हतं. मी हात जोडले आणि बसून राहिलो.

तर हे असं आहे. रंगनाथ मास्तर त्या दिवशी प्यायलेले नव्हते. ते जन्मात कधी प्यायले नाहीत. त्यांची साखर उतरली होती, आणि ती उतरलेली मला फळ्यावरच्या दुसऱ्या ओळीलाच कळली होती.