आजोबांच्या डायऱ्या, काकांची प्रत

आजोबा गिरणाऱ्याकडे भाजीपाला पिकवत आणि रोज दिवेलागणीला पेन्सिलीने डायरी लिहीत. चळवळीच्या सभा, कोथिंबिरीचा भाव, बायकोचं दुखणंखुपणं, सगळं एकाच पानावर. पुढे थोरल्या काकांनी त्या टाइप केल्या आणि साध्या माणसाचा पुढारी करून टाकला. सभा ठेवल्या, घर गाळलं. आजी तर एका ओळीलाही उरली नाही.

आत्या रांगत होती तेव्हाच आजी गेली. तिचा फोटोसुद्धा नाही. आत्याला आई भेटायची ती त्या डायऱ्यांतच, आणि आता तर आत्याला दिसतही नाही. म्हणून यंदा नाशिक रोडला चुलतभावाकडे स्कॅनिंगचं ठरवायला आम्ही बसलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आधी दादांच्या हातचं घ्या रे." आजोबांना ती दादा म्हणायची.

"आत्या, पेन्सिल पुसट झालीय, कोण वाचणार ते?" चुलतभाऊ म्हणाला. "टाइप केलेलं बरं. शब्द टाकला की लगेच सापडतं."

मी म्हटलं, दोन्ही घेऊ, हस्ताक्षराच्या पानासमोर टाइप केलेलं पान. "तुला बाई वेळच वेळ!" म्हणून सगळे हसले. ठरलं ते असं: टाइप केलेलं आत्ता, डायऱ्या दिवाळीनंतर.

दिवाळी झाल्यावर मी डायऱ्या मागायला गेले.

"त्या गोदेत सोडल्या," चुलतभाऊ म्हणाला. "स्कॅनिंग तर झालं होतं. वाडवडिलांचं अक्षर रद्दीत कसं घालायचं? हळदकुंकू वाहून रामकुंडावर सोडल्या."

वर तो शाबासकीची वाट बघत उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने रद्दीत घातल्या असत्या तर निदान रद्दीवाल्याचं दुकान तरी गाठलं असतं! नदीकडे काय मागणार?

आत्याला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "ते टाइप केलेलं तुझ्या मोबाइलवर आहे ना? शेवंती शोध. मी झाले तेव्हा आईने बांधाला शेवंती लावली होती. दादांनी लिहिलं होतं तसं, मला वाचून दाखवायचे."

मी शब्द टाकला. चुलतभाऊ खोटं बोलला नव्हता, उत्तर लगेच आलं. शेवंती कुठेच नव्हती.

आत्या माझ्याकडे कान करून बसली होती.

"वाच ना," ती म्हणाली.