जनरेटरवरची उपडी वाटी

मंडळी, आधीच सांगून टाकते — मी नवरीचे मेकअप करणारी बाई आहे. अमावस्येलाही पार्लर उघडं ठेवते, रस्त्यातलं लिंबू ओलांडून जाते, आणि कुणी "ताई, त्या चिंचेखाली थांबू नका" म्हटलं की मुद्दाम तिथंच स्कूटी लावते. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी तोंडावर चेष्टा केलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण सविता म्हणाली लिहा, म्हणून लिहिते. सविता म्हणजे माझी धाकटी जाऊ. ऑर्डरला ती माझ्यासोबत असते. केस तिचे, चेहरा माझा.

आमचं पार्लर जाफराबादला. पार्लर कसलं, घराचीच पुढची खोली. खरं काम लग्नसराईत, आजूबाजूच्या खेड्यांवर. आणि लग्नघरची लाईट नेमकी मेकअपच्या वेळी जाणार, हे ठरलेलंच. मागं एका नवरीचे अर्धे केस कुरळे करून झाले आणि लाईट गेली. ती बिचारी अर्धी कुरळी, अर्धी सरळ अशी बोहल्यावर उभी राहिली. ते फोटो अजून गावभर फिरतात. त्या दिवशी मी हट्टालाच पेटले — छोटा जनरेटर घ्यायचा म्हणजे घ्यायचा!

आमचे हे जाफराबाद-जालना जीप चालवतात. त्यांच्याच जीपमधून गेलो आणि जालन्यात मस्तगडच्या एका दुकानातून घेऊन आलो. बॅगेएवढा, लाल रंगाचा, वर उचलायला दांडी. दुकानातले चाचा फार मन लावून समजावत होते. बाईकला असतो तसा पेट्रोलचा कॉक आधी उघडायचा, मग चोक, मग दोरी ओढायची. ड्रायर आणि केस सरळ करायचं मशीन एकदम लावायचं नाही. "और भाबी, खुली जगा में रखना. बंद कमरे में बिलकुल नै." मी "हौ, हौ" करत होते, पण माझं सगळं लक्ष हा स्कूटीच्या पुढं मावेल का इकडे.

घरी अंगणात पहिल्यांदा चालू केला तेव्हा हे हसून म्हणाले, "आई असती ना, तर दोन मिनिटं सुदिक चालू दिला नसता."

हे अगदी खरं. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणायचो. मागच्या थंडीत त्या गेल्या. त्यांना चालू वस्तू बघवायचीच नाही. खोलीतून माणूस बाहेर पडायच्या आत पंखा बंद. चहा उकळतोय तोवर त्यांचा हात गॅसच्या रेग्युलेटरवर. माझ्यासोबत ऑर्डरलासुद्धा यायच्या, "नवरीजवळ बाईमाणूस पाह्यजे मोठं" म्हणून, आणि कोपऱ्यात बसून मी पाठ फिरवली की माझं तापलेलं मशीन बंद करायच्या. मी चिडायचे, त्या म्हणायच्या, "जळल्यावर चिडशील का?" भांडण तिथंच मिटायचं, कारण सविता हसायला लागायची.

तर आता मूळ गोष्ट.

जाफराबादपासून जवळच एका गावात कोमलचं लग्न होतं. कोमल माझी जुनी गिऱ्हाईक, कॉलेजला असल्यापासून भुवया करायला येणारी. मुहूर्त गोरजाचा. आम्ही दुपारी पोचलो आणि तासाभरात अवकाळी वादळ सुटलं. असा वारा की मांडवाचं कापड शेजारच्या पत्र्यावर जाऊन पडलं. मागोमाग गारा... आणि लाईट गेली. कुठंतरी पोल पडलाय, आज काही येत नाही, असा निरोप आला. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, चला, आज माझ्या जनरेटरचा मान!

पण बाहेर ठेवायचा कुठं? ओट्यावर पाण्याचे लोट. आम्हाला दिलेल्या खोलीला लागून धान्याची कोठी होती. कोठीला दार एकच, ते आमच्याच खोलीत उघडणारं. खिडकीला पाऊस येतो म्हणून पोतं ठोकलेलं. मी जनरेटर कोठीत ठेवला, दाराखालच्या फटीतून वायर आत घेतली, दोरी ओढली आणि दार लावून घेतलं. आमच्या खोलीचीही दारं-खिडक्या बंद. पाऊस आत येतो आणि पोरं-टोरं नवरीला बघायला डोकावतात. चाचांचं बोलणं तेव्हा डोक्यात आलंच नाही. खरंच नाही आलं.

खोलीत आम्ही चौघी. मी, सविता, कोमल आणि तिची शांतामावशी. मावशी कोठीच्या दाराला पाठ लावून चटईवर बसली होती आणि तिचं तोंड काही थांबत नव्हतं. "अवं ताई, पोरीला गोरी करून राह्यल्या ते बराबर हाये, पर नवरदेवाला वळखू तर आली पाह्यजे!"

सविता केसांना लागली, मी चेहऱ्याला. आणि जनरेटर बंद पडला.

मावशीला बाजूला सरकवून आत गेले. मोबाईलच्या उजेडात पाहिलं, तर पेट्रोलचा कॉक बंद. म्हटलं, मीच उघडायचा विसरले असेन. नळीत उरलेल्या पेट्रोलवर थोडा चालतो आणि मग बंद पडतो, हे चाचांनी सांगितलं होतं. कॉक उघडला, सविताला हाक मारून दाखवलासुद्धा, "बघ गं, उघडाय ना?" ती म्हणाली, उघडाय. दोरी ओढली, चालू.

बऱ्यापैकी चालला. कोमलचा बेस झाला, डोळे करायला घेतले, आणि पुन्हा बंद. आत जाऊन बघते तर कॉक बंद! आणि टाकीवर माझी स्टीलची वाटी, उपडी. स्पंज ओला करायला पाण्याची वाटी लागते, ती. आत्ता तर माझ्या हाताशी होती. पाणी कुठं सांडलेलं नाही, काही नाही. माझं डोकं फिरलं.

"मावशी, कोण गेल्तं आत?"

"मी काय हालले का इथून? माझ्या अंगावरून जाईन का कोनी?"

हे बोलताना मावशीचा आवाज जड झाला होता. मला वाटलं, दमली. कोमल म्हणाली, "ताई, डोकं लई धरलंय." मी म्हटलं, सकाळपासून उपाशी आहेस, नवरीचं डोकं धरणारच. माझंही ठणकत होतं, पण मुहूर्त डोक्यावर असला की ते रोजचंच. मुकाट्यानं कॉक उघडला, दोरी ओढली, वाटी पाणी भरून माझ्या मांडीजवळ ठेवली. अगदी मांडीजवळ.

कोमलला लायनर लावतेय तोवर तिसऱ्यांदा अंधार. मी मांडीजवळ चाचपलं. वाटी नव्हती.

खरं सांगते, तेव्हाही मला भीती वाटली नाही. मला राग आला. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू, बाहेर वऱ्हाड आलेलं, आणि कोण हा चावटपणा करतंय? तणतणत मावशीला अंधारातच बाजूला सरकवलं आणि कोठीचं दार उघडलं. मागोमाग सविता मोबाईल घेऊन आली. कॉक बंद, टाकीवर वाटी उपडी. मी कॉकला हात घालणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"ताई, उघडू नका."

"अगं पण मुहूर्त—"

"न्हाई म्हन्ते ना! हे आधी बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. भिजलं तर भिजू द्या."

सविता माझ्यापुढं कधी आवाज चढवत नाही. दोघींनी दोन्हीकडून जनरेटर उचलला, खोलीचं दार लाथेनं उघडलं आणि ओट्यावर आणला. गार वारा आत घुसला. मागून कोमल दाराकडे यायला उठली आणि दोन पावलांत लटपटून चौकटीला धरून खाली बसली. भडाभडा उलटी झाली तिला. आणि मावशी... मावशी उठलीच नाही. एवढी बडबडी बाई कधीपासून गप्प होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आरडाओरडा झाला. चार बाप्यांनी मावशीला उचलून ओट्यावर आणून निजवलं. वऱ्हाडात नवऱ्या मुलाचे एक काका डॉक्टर होते. ते धावत आले, मावशीला बघितलं, कोमलला बघितलं, मग ओट्यावरचा जनरेटर बघितला.

"हा आत लावला होता?"

मी मान हलवली, मधे तीनदा बंद पडला तेही सांगितलं.

"दारं बंद करून?" ते खाली बसले. "ताई, ह्याच्या धुरातल्या गॅसला वास येत नसतो. माणूस झोपल्यासारखा जातो. हा मध्येमध्ये बंद पडला म्हणून निभावलं. सलग चालला असता तर आज इथं लग्न झालं नसतं."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. माझ्यापुढं मावशी आडवी, कोमल आईच्या मांडीवर पांढरीफटक, आणि माझ्या हातात अजून लायनरचा ब्रश. देवाचं नाव घ्यायचंही सुचेना. नुसती मावशीच्या तोंडाकडे बघत राहिले.

डॉक्टरकाकांनी दवाखान्याची गाडी मागवली होती. ती यायच्या आधीच मावशीनं डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "पोरीचा एकच डोळा कसा काय रंगवला?" मंडळी, मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. एवढं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. दोघींना दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. आम्हालाही तपासलं. मुहूर्त हुकला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं. दुसरा डोळा मी अंगणात, लख्ख उन्हात केला. मावशीनं पोटभर जेवून सगळ्यांशी भांडणही केलं.

परत येताना जीपमध्ये मी सविताला विचारलं, "तुला कसं कळलं गं? गॅसचं?"

"मला गॅसबिस काय कळतंय? मी वाटी पाह्यली."

हे गाडी चालवत होते. त्यांनी विचारलं, "कोणती वाटी?"

सवितानं सांगितलं, टाकीवरची, उपडी. यांनी जीप रस्त्याच्या कडेला घेऊन बंदच केली. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. आत्याबाई रात्री रेग्युलेटर बंद केला की शेगडीवर स्टीलची वाटी उपडी घालायच्या. बंद केलंय, आता कोणी हात लावायचा नाही, अशी त्यांची खूण. रोज ती वाटी उचलूनच मी सकाळचा चहा ठेवायचे, आणि त्या कोठीत मला ती ओळखू आली नव्हती.

तुम्ही म्हणाल, सवितानंच केलं असेल. तिच्या दोन्ही हातांत कोमलचे केस होते, आणि दाराला मावशी टेकलेली. म्हणाल, हादऱ्यानं कॉक फिरला असेल. जनरेटर आम्ही मस्तगडला नेऊन दाखवला. चाचांनी कॉक फिरवून बघितला. "ये तो इत्ता टाइट है भाबी, खुद से हिलताच नै." बरं, कॉकचं एक वेळ सोडून देऊ. वाटीचं काय? ती माझ्या मांडीजवळून बंद दाराआड गेली कशी? उत्तर आम्ही आता शोधतही नाही.

परवा कोमलच्या डोहाळजेवणाची ऑर्डर केली. सातवा लागलाय, गाल कसे भरलेत पोरीचे! लाईट गेलीच. जनरेटर अंगणात, घरापासून लांब लिंबाखाली ठेवला. दोरी ओढण्याआधी सविता हळूच म्हणाली, "आत्याबाई, बाहेर ठिवलाय बरं का." त्या दिवसापासून एकदाही मधेच बंद पडलेला नाही.

भुतांवर माझा आजही विश्वास नाही. पण आत्याबाईंना भूत म्हणायची माझी काय बिशाद!