नेरिओ आजोबांच्या बंद काचा

व्हेनेझुएलातल्या उकडणाऱ्या माराकाइबोत गाडीची काच खाली म्हणजे घराची इज्जत खाली. एसी बंद पडला तरी लोक काचा वर ठेवतात, घामाने निथळत शेजाऱ्याला हसून हात करतात. आमचे नेरिओ आजोबा या सगळ्यांचे मुकुटमणी. खेकड्यांच्या कारखान्यातलं शीतगृह एकतीस वर्षं सांभाळलेला माणूस! नातवंडं गार हवा बाहेर घालवतात म्हणून त्यांनी स्वतःच्या दाराचं सोडून बाकी सगळ्या दारांची काच खालीवर करायची हँडलं काढून ठेवलेली.

गेल्या महिन्यात गाडीचा एसी बिघडला आणि त्या बंद डब्यात नेल्वा आजीला चक्कर आली. डोळे उघडून ती एवढंच म्हणाली, "म्हाताऱ्या, पुढच्या रविवारी गाडी गार नसली तर मी बसने जाईन. कायमची."

दर रविवारी पूल ओलांडून ती बहिणीकडे जाते. तेवढा एकच तास ही दोघं शेजारी बसायची. घरात तर खोल्याही वेगळ्या.

शनिवारी आजोबांनी अंगणात बॉनेट उघडलं. गॅसचा डबा, नळी, दाब बघायचा काटा. समोरच्या आर्हेनिसचं पोटच गाड्यांच्या एसीवर. तो कुंपणावरून म्हणाला, "काका, आधी गळती बघा. फुकट बघून देतो."

"मी खेकडे गोठवत होतो तेव्हा तू दुपट्यात होतास!"

आजी भांडी टाकून आली आणि हातातला साबणाचा फेस तिने पाइपच्या तेलकट सांध्यावर फासला. एक बुडबुडा फुगला, फुटला, लगेच दुसरा.

"हे बघ. इथून जातंय."

"तू कढई घास, नेल्वा. एकतीस वर्षं मी..."

"एकतीस वर्षं तुझे खेकडे मेलेले होते रे. तक्रार कोण करणार?"

आर्हेनिस कुंपण धरून हसला. तिथेच वाट लागली. तो हसला नसता तर आजोबांनी सांधा उघडलाही असता; आता कसला उघडतात! तसाच गॅस भरला. पाच मिनिटांत गारेगार. मग गल्लीतल्या एकेकाला ओढून आणलं, "ये, हात लाव! लाव ना! बर्फ आहे, बर्फ!"

रविवारी पुलाच्या मध्यावर हवा कोमट झाली, मग भट्टी. मी मागे.

"येतंय, येतंय. चढ आहे ना जरा."

"काच उघड."

"बाजूने लोक जातायत, नेल्वा."

आजीचा हात दारावर फिरला. जिथे हँडल हवं तिथे नुसता लोखंडी खुंट. हँडल घरी, खिळ्यांच्या डब्यात. आजोबांच्या दाराला मात्र होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

टोलनाक्यावर आजी उतरली, मान पुसली आणि मागच्या बसमध्ये चढली.

आता हँडल बसलंय. सांधाही बदललाय, आर्हेनिसला कोणी बोलावलं ते विचारू नका. दर रविवारी बस पुढे, मागे आजोबांची थंडगार गाडी, काचा वर, बाजूची सीट रिकामी.

निघताना आजोबा दार उघडून धरतात. "हात तरी लावून बघ ना."

"लावला होता," आजी म्हणते आणि थांब्याकडे चालू लागते. "पुलावर."