काकांचं सर्टिफिकेट

साउंडवाल्यांना स्टेजच्या मागे बसून तासन्‌तास वाट बघावी लागते. त्यामुळे आमच्याकडे सामान कमी आणि किस्से जास्त!

मी पुण्यातून साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स करून मोहाडीला परतले आणि वसंताकाकांच्या साउंडच्या दुकानात कामाला लागले. काका सातवी पास, धंद्यात तीस वर्षं. पहिल्याच दिवशी एका हॉलमध्ये मी लॅपटॉप, मोजणीचा माइक, सगळं मांडलं. काकांनी एक टाळी वाजवली आणि म्हणाले, "मागच्या भिंतीले पडदे लावा. आवाज वापस येऊन राहिला."

पाऊण तासानं माझा ग्राफ तयार झाला.

"काय म्हणते तुहा लॅपटॉप?"

"पडदे लावा म्हणतो."

"हुशार आहे!"

*

चिखल्याला खाणीतल्या एका कामगाराचा निरोप समारंभ होता. बाजूलाच एक ट्रक घरघरत उभा, भाषण कोणाला ऐकूच येईना. मी इक्वलायझरची बटणं खालीवर करून थकले. काका गायब! अचानक ट्रक बंद. बघते तर काका ड्रायव्हरसोबत चहा पिऊन राहिले होते.

"हे बटन तुह्या मिक्सरवर नाही, पोरी!"

*

पण सानगडीच्या लग्नात माझी वेळ आली. मंगलाष्टकं म्हणताना गुरुजींच्या ओठांना माइकचा झटका बसला. काकांनी त्यांना लाकडी पाटावर उभं केलं. "तीस वर्षांचा इलाज आहे!"

मी विजेचा बोर्ड उघडला. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती!

अंतरपाटाआडून नवरदेव ओरडला, "लगन होते का नाही आज?"

"गुरुजी वाचले तर होते!" मी वायर जोडत म्हटलं.

परतताना मोहाडी आल्यावर काका हळूच म्हणाले, "ते अर्थिंग मले एकदा नीट शिकव."

*

मग फर्मान आलं, सरकारी कार्यक्रमांचं काम यापुढे सर्टिफिकेट असलेल्यालाच मिळणार. काकांचा चेहरा पडला. "या वयात परीक्षा?" मी गुपचूप फॉर्म भरला, रोज संध्याकाळी शिकवलं. पेपरात प्रश्न आला, माइकची शिट्टी टाळण्याचा उपाय लिहा. काकांनी लिहिलं, "बोलणाऱ्याले स्पीकरसमोरून हटवा."

काका पास झाले!

सर्टिफिकेट वाटपाचा कार्यक्रम भंडाऱ्यात. काका नवा सदरा घालून पहिल्या रांगेत. पाहुणे बोलायला उठले आणि माइकनं अशी शिट्टी मारली की सगळ्यांनी कान झाकले. तिथला ऑपरेटर नुसता घामाघूम. बाजूला बघते तर काकांची खुर्ची रिकामी. शिट्टी थांबली.

थोड्या वेळानं काकांचं नाव पुकारलं. काका मिक्सरमागून उठेचनात.

"या ना स्टेजवर!" साहेब म्हणाले.

"मी उठलो का हा माइक पुन्हा बोंबलते, साहेब! त्या पोरीजवळ द्या!"




टाळ्या वाजल्या. काकांचं सर्टिफिकेट मी घेतलं.