बी न धरणारं झाड आणि मामाची मिशी

माझ्या मामाची नर्सरी निम्मी खतावर चालायची आणि निम्मी त्याच्या मिशीवर. मिशी कसली, अख्खं तोंड झाकणारं झुडूपच ते! तिला पीळ देऊन मामा काही बोलला, की गिऱ्हाईक गुमान रोप उचलायचं.

त्याचं लाडकं झाड म्हणजे एल्म, मूळचं विलायती. बारीक पानं, झुकलेल्या फांद्या, शोभेला एक नंबर.

"पण याचं बी फार उडतं म्हणे?" समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"माझ्या अंगणातल्याला आजवर एक बी धरलं नाही," मामा छाती ठोकून म्हणाला. "तुमच्या दारात एक जरी रोप उगवलं, तर मिशी उतरवीन!"

झालं! गल्लीत दारोदारी एल्म लागलं. सगळी सारखीच नकोत म्हणून या शहाण्याने मध्ये मध्ये एल्मचीच दुसरी जातही आणून लावली.

काही वर्षांत झाडं वयात आली आणि बी धरलं. कागदाच्या टिकल्यांसारखं गल्लीभर उडालं. पन्हळीत एल्म, फरशीच्या फटीत एल्म, बाईंच्या पायपुसण्यातसुद्धा एल्म!

"अहो, तुमचं झाड एकटं होतं," मामी म्हणाली. "एकट्याला कुठून पोरं होणार? स्थळ तुम्हीच शोधून दिलंत की!"

मामाची पाचावर धारण बसली. शब्द खोटा ठरला तर नर्सरीकडे कुत्रंही फिरकणार नव्हतं. मग हा गडी रोज पहाटे फिरायच्या नावाखाली लोकांच्या दारातली इवली रोपं, कुणी ओळखायच्या आत, उपटून खिशात कोंबायला लागला. गल्लीला वाटलं, याला स्वच्छतेचं वेड लागलं.

एकदा बाईंच्या पन्हळीशी चढला आणि शिडीच घसरली. लोंबकळणाऱ्या मामाखाली सगळी गल्ली जमली. लोकांनी त्याला खाली घेतलं, तरी मूठ काही सुटेना.

"गवत आहे ना हो?" बाईंनी विचारलं. बिचाऱ्या पळवाटच देत होत्या.

मामाने मूठ उघडली. "एल्म आहे," म्हणाला आणि तडक सलून गाठलं.

परत आला तो सोललेला बटाटा होऊन. मी पोट धरधरून हसलो. बाई नर्सरीत येऊन थांबल्या होत्या.

"या वेळी गुलाब द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तो."

बाई गेल्या, तरी मामी त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही हसताय?"

"रोजच हसतो की, तुझ्याकडे बघून."

"आणि मला मेलीला वाटायचं, तुम्ही सदान्‌कदा चिडलेलेच!" मामीने पदराने डोळे पुसले. मग दम भरला, "पुन्हा मिशी वाढवलीत, तर याद राखा!"